दोरी दिसते, तरी भीती वाटते: कमी खर्चातल्या जुन्या भयपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं घर आहे. पुढे सारवलेलं खळं, त्यापलीकडे माडांची बाग आणि बागेपलीकडे समुद्र. पाऊस सरला की दर अमावास्येला या खळ्यात आम्ही पांढरी चादर बांधतो आणि बहुतेकांनी नावही न ऐकलेला एखादा जुना भयपट किंवा रहस्यपट बघतो. घरची, शेजारची, सुट्टीला आलेली चाकरमानी मंडळी धरून पंधरा-वीस माणसं असतात. अमावास्या निवडली ती भुतांसाठी नाही. चांदणं नसलं की प्रोजेक्टरचं चित्र चादरीवर स्वच्छ उमटतं. नवीन येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

तुम्ही नेमक्या कुठल्या चित्रपटांबद्दल बोलता?

साधारण १९४० ते १९९० या काळातले. भुताचे, खुनाचे, परग्रहावरून कोणीतरी उतरतं तसले. पैसा थोडा, दिवस मोजके, नट फारसे माहीत नसलेले. हिंदीत रामसे बंधूंचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यांच्या मागोमाग मोहन भाकरी, विनोद तलवार यांनीही असे चित्रपट काढले. अमेरिकेत मोनोग्रामसारखे लहान स्टुडिओ थोडक्या दिवसांत एकेक चित्रपट हातावेगळा करायचे. पुढे रॉजर कॉर्मन यांनी १९६० च्या 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं मुख्य चित्रीकरण आधीच उभ्या असलेल्या सेटवर दोन दिवस आणि एका रात्रीत संपवलं.

मोठ्या कंपनीचा, मोठ्या नटांचा, पण पडलेला चित्रपट आमच्या यादीत येत नाही. पैसा असून बिघडलेलं आणि पैसा नसताना धडपडून केलेलं, यांत मला फार अंतर वाटतं.

इतके चांगले चित्रपट असताना हे का बघायचे?

विचारणारा सिंधुदुर्गातला असेल तर मी त्याला दशावताराची, आमच्याकडच्या लोकनाट्याची, आठवण करून देते.

जत्रेच्या दिवशी दुपारी कंपनीची गाडी देवळापाशी लागते. नट उतरतात, झाडाखाली पडतात, कुणी जेवणाच्या तयारीला लागतं. संध्याकाळी पेटारे उघडतात आणि प्रत्येक जण आरसा पुढ्यात घेऊन आपला चेहरा आपणच रंगवायला बसतो. रंगमंचावर एक बाकडं, मागे एक पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं आणि संवाद उभ्याउभ्या सुचतात. लहानपणी आम्ही रंगपटाच्या कनातीतून डोकावायचो, तेव्हा लुगडं नेसलेला नट विडी ओढताना दिसायचा. दोन तासांनी तोच माणूस सीता किंवा द्रौपदी होऊन उभा राहिला की माझी आजी डोळ्यांना पदर लावायची. दुपारी त्याने आमच्याच विहिरीवर पाणी मागितलं होतं, हे ती विसरलेली नसायची. तिची फसवणूक होत नव्हती. अर्धं काम नटाचं आणि अर्धं आपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि आपला वाटा ती मनापासून उचलत होती.

कमी खर्चातला जुना भयपट बघणाऱ्याकडून हेच मागतो. मोठ्या खर्चाच्या चित्रपटात राक्षसाच्या कातडीवरचा एकेक खवला करून दिलेला असतो. आपण नुसतं बघायचं. इथे राक्षस म्हणजे रबराचा मुखवटा, थोडा धूर आणि लाल दिवा. उरलेला राक्षस आपण मनात तयार करतो, आणि मनातला नेहमीच जास्त भयंकर असतो.

दुसरं कारण माझ्यापुरतं त्याहून मोठं आहे. या चित्रपटांत केलेलं काम दिसतं. भिंत हलली की ती प्लायवूडची आहे हे कळतं, आणि ती कुणीतरी रात्रीतून उभी केली हेही कळतं. रामसेंच्या घरात कुमार लिहायचे, गंगू कॅमेरा चालवायचे, किरण आवाज बघायचे, अर्जुन संकलन करायचे, केशू निर्मितीकडे आणि कॅमेऱ्याकडे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे. सात भाऊ, एक घर. पेटारे गाडीत घालून गावोगाव जाणाऱ्या कंपनीचा संसार बघितलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भीती वाटण्याऐवजी हसू आलं तर?

हसा. हसू आलं तर ते दाबून धरण्यात अर्थ नाही. आमच्या खळ्यातला नियम एवढाच की पडद्यावरच्या माणसांना चिडवायचं नाही. एकदा कुणी शेरे मारायला लागलं की बाकीचे पुढच्या शेऱ्याची वाट बघतात आणि चित्रपट बघायचा राहून जातो.

'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' हे याचं चांगलं उदाहरण. जगातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणून तो गाजला. ड्रॅक्युला म्हणून प्रसिद्ध झालेले बेला लुगोसी १९५६ मध्ये वारले, तेव्हा दिग्दर्शक एड वूड यांच्याकडे त्यांची थोडीशी चित्रफीत उरली होती. ती त्यांनी या चित्रपटात वापरली आणि बाकीच्या दृश्यांत पत्नीच्या ओळखीच्या हाडवैद्याला उभं केलं. तो लुगोसींसारखा जराही दिसत नव्हता, म्हणून त्याने अंगरख्याने तोंड झाकून घेतलं. लोक हे बघून पोट धरून हसतात. मला दर वेळी तो झाकलेला चेहरा बघून गलबलून येतं. गेलेल्या मित्राचं शेवटचं काम पेटीत पडून राहू नये, यासाठी एका गरीब दिग्दर्शकाने केलेली ती धडपड आहे. चित्रपट वाईट आहे, हे मी नाकारत नाही. संवाद लाकडासारखे आहेत, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र दोन्ही येतात. पण तो कुणीतरी मनापासून केला आहे.

रात्रीच्या प्रसंगात उन्हाच्या सावल्या कशा दिसतात?

कारण तो प्रसंग दुपारी चित्रित झालेला असतो. त्या काळच्या रंगीत फिल्मला भरपूर उजेड लागायचा. रात्री बाहेर चित्रण करायचं तर मोठे दिवे, जनरेटर, तो ओढून न्यायला गाडी आणि ते सगळं सांभाळायला माणसं हवीत. त्यापेक्षा भर उन्हात निळा फिल्टर लावून, लेन्समधून कमी उजेड आत घेऊन चित्रण करायचं आणि प्रयोगशाळेत प्रत काढताना ती आणखी गडद करायची. आकाश फ्रेममध्ये आलं की हे उघडं पडतं, म्हणून जाणकार कॅमेरामन आकाश टाळतात.

किनाऱ्यावरच्या माणसाला ही युक्ती लगेच कळते. आमच्याकडे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणारे एक काका येतात. पहिल्याच अमावास्येला ते म्हणाले की चांदण्यात पाणी असं टोचत नाही, हे ऊन आहे. समुद्रावरचं चांदणं एका पट्ट्यात पसरतं. उन्हात लाटेचा प्रत्येक तुकडा वेगळा चमकतो. तेव्हापासून समुद्राचं दृश्य आलं की सगळे काकांकडे बघतात.

ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, असं का?

आपल्याकडे तेव्हा सर्रास वापरला जाणारा अ‍ॅरीफ्लेक्स २सी कॅमेरा चालताना घरघरायचा. जागेवर नोंदवलेला आवाज कामाचा नसायचा, म्हणून सगळे संवाद नंतर स्टुडिओत भरायचे. मोठ्या चित्रपटांचंही तेच. फरक असा की त्यांना ओठ जुळेपर्यंत चार वेळा बोलायला सवड मिळायची. छोट्या निर्मात्याला स्टुडिओचं भाडं तासावर. कधी दुय्यम नटाला दुसऱ्याच कुणाचा आवाज मिळायचा. पावलांचे आवाज राहून जायचे. ढगांचा तोच गडगडाट आणि कुत्र्याचं तेच रडणं पाच चित्रपटांतून ऐकू येतं.

याहून बिकट अवस्था १९६६ च्या 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' या अमेरिकन चित्रपटाची. टेक्ससमधल्या एल पासो इथल्या एका खतविक्रेत्याने तो काढला. कॅमेरा चावीचा होता. एकदा चावी दिली की जेमतेम ३२ सेकंद चालायचा. त्यामुळे कुठलंही दृश्य त्याहून लांब असूच शकत नव्हतं. आवाज नोंदवायची सोय नव्हती, म्हणून मोजक्या माणसांनी मागाहून सगळ्या पात्रांचे संवाद म्हटले.

चूक दिसत असताना दृश्य पुन्हा का घ्यायचे नाहीत?

फिल्म महाग होती. ३५ मिलिमीटरच्या १००० फुटांच्या रिळात ११ मिनिटं मावतात. रंगीत कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि छोट्या निर्मात्याला ती मोजून मिळायची. नट अडखळला, दाढी सुटली, मागून गाय गेली, तरी ते दृश्य चालवून घ्यावं लागे. मोबाइलवर एकाच सूर्यास्ताचे चाळीस फोटो काढणाऱ्या आमच्या भाचरांना हे पटवून द्यायला मी एकदा दोरीने ११ मिनिटांची फिल्म किती लांब होते ते मोजून दाखवलं. दोरी खळ्यातून निघून बाग ओलांडून पुळणीवर गेली.

ऐन भीतीच्या वेळी विनोदी पात्रं का घुसतात?

रामसेंच्या १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये एकीकडे सामरी नावाचा सैतान मोकळा सुटलेला असतो आणि दुसरीकडे जगदीप 'शोले'ची नक्कल करत डाकू मच्छर सिंग होऊन फिरत असतात. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जवळजवळ नाही. नव्या प्रेक्षकाला हे खटकतं, आणि लांबण लागली की मलाही खटकतं.

पण याला दोष म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते, कारण दशावतारात सुरुवातीलाच संकासुर येतो. वेद चोरून नेणारा हा राक्षस. काळ्या वेशात तो येतो तेव्हा पुढे बसलेली पोरं आईच्या मागे लपतात, आणि थोड्याच वेळात तो मालवणीत बोलून सगळ्या मांडवाला हसवतो. भय आणि हसणं एकाच ताटात वाढायची आपल्याकडची रीत जुनी आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला गाणं, मारामारी, हसणं, रडणं सगळं हवं असायचं. लहान गावातल्या थिएटरसाठी चित्रपट करणाऱ्यांना हे नेमकं माहीत होतं.

गोष्टीत अचानक उड्या का असतात?

कधी सेन्सॉरची कात्री, कधी प्रिंटची झीज. मोठ्या शहरातून लहान शहरात, तिथून तालुक्याला आणि तिथून तंबूत अशी फिरत फिरत प्रिंट यायची. तुटली की ऑपरेटर दोन-चार फूट कापून जोड द्यायचा. आज आपण बघतो ती प्रत बऱ्याचदा अशाच थकलेल्या प्रिंटवरून उतरवलेली असते.

रामसेंच्या चित्रपटांचा कोकणाशी काय संबंध?

पडद्यावर बघितलेली ती समुद्रकाठची भव्य हवेली आठवते? ती मुरुडला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा राजवाडा. दापोलीजवळचं मुरुड वेगळं; हे रायगड जिल्ह्यातलं. १९८९ च्या 'पुरानी हवेली'तली हवेली बाहेरून दिसते ती हीच वास्तू.

त्यांची सुरुवातच काटकसरीतून झाली. वडील एफ. यू. रामसे कराचीहून आले, मुंबईत रेडिओचं दुकान चालवायचे आणि चित्रपट काढायचे. १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरीला येतात, तेवढा प्रसंग बघायला लोक येतात, असं थिएटरात तुलसी आणि श्याम यांच्या लक्षात आलं. तो एक प्रसंग लोकांना हवा आहे, तर अख्खा चित्रपटच तसा का करू नये? त्यातून १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरला जाऊन, थोडी माणसं घेऊन, सेट न बांधता त्यांनी तो पुरा केला आणि तो चालला.

पुढचं सगळं गणित यात आलं. सेट बांधायला पैसे नाहीत, तर आधीच उभी असलेली जागा शोधा. मुरुडच्या राजवाड्याचे मनोरे, कमानी, खाली आपटणारा समुद्र, खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेला दगड, असं काही कुठल्याही स्टुडिओत प्लायवूडवर रंगवून मिळालं नसतं. मी म्हणेन की त्या चित्रपटांतला सगळ्यात चांगला नट हा राजवाडा आहे. बाकीचे ओरडतात, तो नुसता उभा राहतो.

तो राजवाडा आतून बघता येतो का?

ती खासगी मालमत्ता आहे. अलिबागहून काशीद, नांदगाव करत मुरुडला येताना गाव लागायच्या आधी रस्त्यावरूनच दिसतो. तिथूनच बघावा. गेटवर हुज्जत घालू नये.

कोकणातली भुतं आणि पडद्यावरची भुतं यांत काय फरक?

आमच्याकडे चर्चा सगळ्यात लांबते ती या प्रश्नावर. कधीकधी चित्रपट दीड तासाचा आणि त्यावरचं बोलणं अडीच तासांचं होतं.

कोकणातल्या भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यापाशी. चकवा ठरावीक वाटेवर लागतो आणि माणसाला रात्रभर त्याच जागी फिरवतो. देवचार गावाच्या सीमेवर असतो आणि त्याचा मान ठेवला तर तो राखणही करतो. प्रत्येकाचं काही म्हणणं असतं, त्याच्याशी बोलता येतं, गाऱ्हाणं घालता येतं, नारळ कबूल करता येतो, आणि जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष देतात. आरवलीला वेतोबाच्या पायाशी भाविक भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात, कारण देव रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. अंधारात फिरणारं सगळंच वाईट असतं असं आपल्याकडे कधी मानलं नाही.

पडद्यावरचं भूत असं बोलत नाही. ते गुरगुरतं, दार तोडतं, शेवटी त्रिशूळ किंवा क्रूस दाखवला की संपतं. त्रिशूळ इथला, क्रूस आणि कबरीतून उठणं बाहेरच्या चित्रपटांतून आलेलं. ही सरमिसळ कच्ची आहे, हे खरं.

पण 'पुराना मंदिर' इथे वेगळा पडतो. सामरीला राजाने मारलेलं असतं आणि मरताना त्याने शाप दिलेला असतो की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. धड एकीकडे, मुंडकं पेटीत बंद. मी चौथीत असताना गणपतीच्या जागरणाला मुंबईच्या काकांनी भाड्याने व्हीसीआर आणला, त्या रात्री हा चित्रपट लागला होता. वाडीतली चाळीस माणसं खळ्यात. नेमकं पेटी उघडायच्या वेळी लाइट गेली. वीस मिनिटं काळोखात आम्ही बसून होतो, समुद्राचा आवाज, माडांची सळसळ आणि कुणी हलेना. दाराशी बसलेली आजी त्या काळोखात म्हणाली, "थोरल्यांनी केल्लां धाकट्यांक भोगूक लागतां, ह्यां खरां."

तिला हिंदी फारसं समजत नव्हतं. गोष्ट मात्र पुरती समजली होती. ज्या कोकणातल्या घराघरात मूळपुरुषाच्या चुकीबद्दल कौल लावतात, जमिनीचा एखादा तुकडा सोडून देतात, न मिटलेल्या भाऊबंदकीची सल तीन पिढ्या वागवतात, तिथे हा शाप परका नव्हता. रबराचा मुखवटा खोटा होता, पण पेटीत बंद करून ठेवलेलं जुनं पाप आमच्या ओळखीचं होतं.

पैसा नसताना खरोखर चांगले झालेले चित्रपट आहेत का?

आहेत, आणि कोणतीही सूट न देता चांगले म्हणावेत असे. १९४२ चा 'कॅट पीपल' घ्या. निर्माते व्हॅल ल्यूटन यांना आरकेओ स्टुडिओने एका चित्रपटाला दीड लाख डॉलरची मर्यादा घातली होती. दुसऱ्या मोठ्या चित्रपटाचा उरलेला जिना त्यांनी वापरला. बाई मांजराच्या जातीचं जनावर होते अशी गोष्ट, आणि जनावर जवळजवळ दाखवलंच नाही. एक मुलगी रात्री रस्त्याने एकटी चालते, मागून पावलं ऐकू येतात, मग ती थांबतात. मुलगी मागे बघते, आणि एकदम फिस्कारल्यासारखा आवाज होतो. ती बस असते. आमच्या खळ्यात त्या क्षणी एकही माणूस असा नव्हता जो जागचा उडाला नाही. शेवटच्या एसटीने उतरून काळोखातून घरी चालत आलेल्या माणसाला हे दृश्य अंगावर येतं.

दुसरा, १९६२ चा 'कार्निव्हल ऑफ सोल्स'. हर्क हार्वी हे कॅन्ससमध्ये शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करणारे गृहस्थ. प्रवासात त्यांना यूटामधल्या खाऱ्या सरोवराच्या काठी ओस पडलेला सॉल्टेअर नावाचा करमणूक मंडप दिसला आणि त्यातून चित्रपट सुचला. खर्च ३३ हजार डॉलरच्या आसपास. ऑर्गनचं संगीत, पांढरे चेहरे आणि ती रिकामी वास्तू, बस. नटी सोडली तर अभिनय यथातथाच. तरी ती पाण्याकाठची उजाड जागा डोक्यातून जात नाही. मुरुडच्या राजवाड्याने रामसेंना जे दिलं ते सॉल्टेअरने हार्वींना दिलं, पण हार्वींनी त्या जागेला गप्प राहू दिलं. रामसेंनीही तिला जरा गप्प राहू दिलं असतं तर, असं मला नेहमी वाटतं.

या चित्रपटांतलं काय तुम्हाला माफ करता येत नाही?

हलणारी भिंत, सुटलेली दाढी, फसलेला धूर, सगळं माफ. बायकांशी पडदा जसा वागतो ते माफ होत नाही. गरज नसताना आंघोळीचे प्रसंग, कॅमेऱ्याची नजर, बलात्काराचा प्रसंग करमणुकीसारखा रंगवणं. हे पैशाच्या तंगीने झालं असं कुणी म्हणू नये. याला पैसे लागले नव्हते, पण ते न करायलाही पैसे लागले नसते. शरीराने वेगळा असलेला माणूस दिसला की तो दुष्ट, आदिवासी दिसले की ते नरबळी देणारे, हेही तसंच. आमच्याकडे असा प्रसंग आला की आम्ही तेवढा भाग पुढे पळवतो किंवा संपल्यावर त्यावर स्पष्ट बोलतो. गेल्या वर्षी एका शेजारणीने उठून प्रोजेक्टर बंद करायला सांगितला आणि आम्ही केला.

उचलेगिरीबद्दल मी थोडी नरम आहे. परदेशी चित्रपटातलं दृश्यच्या दृश्य उचललेलं दिसलं की वाईट वाटतं, कारण देवचार, गिऱ्हा, ब्रह्मसमंध अशी स्वतःची भरलेली कणगी घरात असताना दुसऱ्याच्या दारात पायली मागायला जायची गरज नव्हती.

मराठीत असं काही झालं का?

फार थोडं. १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा' बहुतेकांना गाण्यांमुळे आठवतो. सुधीर मोघे यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत. चित्रपटही आवर्जून बघावा, विशेषतः अंधाराचा वापर. त्यातल्याच 'रात्रीस खेळ चाले' या ओळीचं नाव घेऊन २०१६ मध्ये झी मराठीवर मालिका आली, आणि तिचं चित्रण सावंतवाडीजवळ आकेरीच्या एका वाड्यात झालं. लोक अजून तो वाडा बघायला जातात. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला. कल्पना परदेशी होती, पण बोलणं-चालणं इतकं इथलं की आता तो आपलाच वाटतो.

सुरुवात कुठून करू?

आधी 'कॅट पीपल', मग 'कार्निव्हल ऑफ सोल्स', मग 'पुराना मंदिर'. 'प्लॅन ९' सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने बघितलं तर नजर चुका शोधायला शिकते आणि मग चांगलंही दिसेनासं होतं.

लहान मुलांना दाखवावेत का?

दहा वर्षांखालच्यांना आम्ही बसवत नाही. त्यावरच्यांना आधी मुखवटा कसा करतात ते दाखवतो. हे केल्यावर भीती कमी होईल असं वाटलं होतं, पण स्वतः मुखवटा रंगवलेली मुलंच सगळ्यात जास्त घाबरतात. रंगपटात डोकावणाऱ्या आम्हा पोरांचंही असंच व्हायचं.

घरात जुन्या व्हीएचएस कॅसेट सापडल्या. काय करू?

सर्वांत आधी, लगेच लावून बघू नका. कॅसेटच्या खिडकीतून आतल्या रिळाच्या कडेकडे बघा. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट चालवली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर बसते, तिथून दुसऱ्या कॅसेटला लागते, आणि चिकटलेली टेप ओढली जाऊन तुटते. माझ्या काकांच्या जागरणाच्या कॅसेटचं असंच झालं. तालुक्याच्या एका दुकानात डिजिटल प्रत करायला दिली, त्यांनी न बघता यंत्रात घातली आणि शेवटची चाळीस मिनिटं गेली. त्यात चित्रपटानंतर काकांनी टेपलेली आमच्या गणपतीची आरती होती.

कोकणची हवा कॅसेटची वैरीण आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने भिंतीला ओल असते. म्हणून बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नका. टेप पूर्ण गुंडाळून, कॅसेट उभी, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या ओलावल्या की बदला. आमसुलांसारखं उन्हात मात्र घालू नका. उष्णतेने टेप ताणली जाते. डिजिटल प्रत करून घ्याल ती आधी टेप स्वच्छ करणाऱ्याकडूनच.

कॅसेटऐवजी खरी फिल्म सापडली आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तिचं अ‍ॅसिटेट, म्हणजे ज्या पट्टीवर चित्रं असतात ती पट्टीच, कुजायला लागलं आहे. त्या वासाने शेजारची चांगली फिल्मही बिघडते, म्हणून ती वेगळी काढा. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांच्याशी बोला. फिल्म किरकोळ वाटली म्हणून टाकून देऊ नका. चित्रपट चालेनासा झाला की त्यातली चांदी काढायला फिल्म विकायचे, आणि छोट्या निर्मात्यांचे किती चित्रपट असे गेले याची मोजदाद नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास चित्रपट झाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच पूर्ण उरले आहेत.

गावात जाहीर खेळ लावता येईल का?

घरात चार माणसांनी बघणं वेगळं आणि मंडपात लावणं वेगळं. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६० चा चित्रपट २०२१ च्या पहिल्या दिवशी मोकळा झाला. रामसेंचे चित्रपट अजून हक्कात आहेत, तेव्हा मालकांची परवानगी घ्या. जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्रही लागतं. उत्सव समितीत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन रात्री तंटा होतो.

येताना काय आणायचं?

बसायला चटई आणि बॅटरी. दिवाळीनंतर दंव पडतं, तेव्हा कानटोपीही. चहा आणि उकडलेल्या शेंगा घरच्या असतात. बॅटरी विसरू नका. परतीची वाट बागेतून आहे, साकवाला, म्हणजे वाटेतल्या छोट्या पुलाला, एकच कठडा आहे आणि अमावास्येला तो दिसत नाही. खालच्या वाडीची माणसं एकत्रच निघतात. तुम्ही नवीन असाल तर त्यांच्यासाठी थांबा.